काशीबाईच्या खळ्यातलं ऊन

रविवार, ६ नोव्हेंबर १९९४

एकनाथ आणि नलू आज सकाळच्या एस.टी.ने बोईसरला परत गेली. फराळाचा डबा नलूच्या हातात देऊन मी वळले, तर एकनाथ म्हणाला, "आई, पंचवीस डिसेंबर. विसरायचं नाही."

विसरेन कशी? चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ऑगस्टमध्ये मागच्या पायऱ्यांवर अंधारात माझा पाय घसरला, मनगट मोडलं, आणि सकाळी शेजारची काशीबाई हाका मारत आली तोवर मी तिथेच पडून होते. तेव्हापासून माझ्या मुलाला चैन नाही. दातिवऱ्याच्या गावठाणात वीज आहे. पण सुरूच्या बनापलीकडे आमची दोनच घरं, माझं आणि काशीबाईचं. तिथवर तार आणायला सात खांब लागतात आणि त्यांचे वीस हजार आम्हीच भरायचे. "मी तारापूरला वीज तयार करतो आणि माझी आई कंदिलाच्या काचा पुसते," असं एकनाथ म्हणतो. म्हणताना हसत नाही. मुंबईचे एक गृहस्थ घर आणि वाडी विकत घ्यायला तयार आहेत. वर्षअखेर त्यांना उत्तर हवंय.

पाडव्याला मी माझं गुपित फोडलं. सफाळ्याच्या शाळेतल्या प्रदर्शनात मी सूर्याच्या उन्हावर चालणारी ट्यूब पाहिली होती, आणि बोईसरच्या एका दुकानात नाव नोंदवूनही आले होते.

"किती?" एकनाथने विचारलं.

"मूळ किंमत तेरा हजार. सरकारी सवलत वजा जाता सात हजार दोनशे."

"आई!"

"पोस्टातले आहेत. माझ्या शिवणाचे. तुझ्याकडे मागत नाही."

त्याने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने हिशेब मांडला. रॉकेल महिन्याला चाळीस, टॉर्चचे नि रेडिओचे सेल तीस, काचा, वाती, काड्यापेट्या मिळून वीस. म्हणजे वर्षाला वाचणार एक हजार ऐंशी. पण दर चार वर्षांनी नवी बॅटरी, अठराशेची, म्हणून वर्षाला साडेचारशे वजा. "उरले सहाशे तीस. घातलेले पैसे निघायला अकरा वर्षं पाच महिने."

"म्हणजे मी बहात्तरची असेन," मी म्हटलं. "माझी आई ब्याऐंशीपर्यंत सुईत दोरा ओवत होती."

नलू तोंडाला पदर लावून हसली. शेवटी ठरलं ते असं. पंचवीस डिसेंबरला संध्याकाळी दोघं येणार. घरात माझा स्वतःचा उजेड असला तर विक्रीचा विषय कायमचा बंद. कंदील दिसला तर मी बोईसरला त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला जायचं. मी शब्द दिला.

तिथे वाईट काय आहे? काहीच नाही. नळ आहे, पंखा आहे, मुलगा-सून जिवाला जीव देतात. पण ह्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी संध्याकाळी ओटीवर बसून खाडीला भरती चढताना पाहिली की दिवस पुरा झाल्यासारखं वाटतं. क्वार्टरच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात.


शनिवार, १२ नोव्हेंबर

आला! माझा सूर्य आला!

दुकानातला वायरमन बन्सी दहाच्या बसने सगळं सामान घेऊन उतरला. चाळिशीचा, कानावर पेन्सिल, बोलायला हुशार. काळ्या-निळ्या काचेचं पॅनल, लाकडी पेटीत बॅटरी, दोन ट्यूब. पॅनल कौलांवर बसवायचं होतं, पण वाशांकडे पाहून बन्सी म्हणाला, "मावशी, मी वर चढलो तर पॅनलच्या आधी मीच खाली यीन." मग अंगणातच लोखंडी स्टँड पुरून, दक्षिणेकडे तोंड करून बसवलं.

काशीबाई मासळीची टोपली डोक्यावर घेऊनच बघत उभी राहिली. "बाय, ह्यो आरसा कशाला गो?"

"आरसा नाही. तो ऊन खातो."

"खातो? मंग टाकतो काय?" (तिने शब्द दुसरा वापरला.)

"उजेड," मी म्हटलं. बन्सीच्या हातातून पान्हा पडला.

एक ट्यूब स्वयंपाकघरात, एक शिवणाच्या मशीनपाशी, डाव्या हाताला. सिस्टर बर्नादेत सांगत, सुईवर उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे, मग हाताची सावली टाक्यावर पडत नाही. कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात उंच खिडक्या होत्या नि आमची बाकं त्या हिशेबाने लावलेली असत. लग्न होऊन इथे आल्यापासून डाव्या खांद्यावरून उजेड मला मिळालाच नव्हता.

साडेसहाला बटण दाबलं. आधी दोनदा फडफडली, मग लागली. मी नऊ नंबरची सुई घेतली आणि पहिल्या खेपेला दोरा ओवला. चष्म्याशिवाय नाही, तेवढं खोटं लिहिणार नाही.

बन्सी जाताना बजावून गेला, "पेटीवर हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरलेली, लाल म्हणजे रिकामी. आणि काच जपा. काचेला तडा गेला की सगळं गेलं."


मंगळवार, १५ नोव्हेंबर

तीन दिवसांत रॉकेलची बाटली हलवलीही नाही. दोन परकर, एक झबलं, नऊपर्यंत शिवण. ओटीवर उभं राहिलं की माझ्या खिडकीचा उजेड अंगणात चौकोनी पडतो. मी त्यात मुद्दाम जाऊन उभी राहिले.


शुक्रवार, १८ नोव्हेंबर

पॅनलचं कव्हर आज पुरं झालं. पांढरं पॉपलीन, चारी कोपऱ्यांत साखळी टाक्याची सूर्यफुलं, कडेने क्रोशाची जाळी. रेडिओला कव्हर आहे, मशीनला आहे, पाण्याच्या फिल्टरलासुद्धा आहे. मग घरातली सगळ्यात महाग वस्तू उघडी कशी ठेवायची? कॉन्व्हेंटमध्ये पियानोचं कव्हर धुऊन इस्त्री करण्याचा मान वर्गातल्या पहिल्या मुलीला मिळे. दोन वर्षं तो माझा होता.

शिवाय कावळे. शिवाय दुपारचं ऊन. काच इतकी तापते की हात लावला तर चटका बसतो. तडा जायला किती वेळ? मी नियम करून टाकलाय. सकाळचं कोवळं ऊन त्याने पोटभर खावं. अकराला कव्हर घालायचं, चारला काढायचं. भर दुपारी आपणही उन्हात बसत नाही.


बुधवार, २३ नोव्हेंबर

ट्यूब पिवळट दिसू लागलीय. काल आठला गेली, आज पावणेआठला. पेटीवर लाल दिवा. स्वयंपाकघरातली बंद ठेवून पाहिली, फरक नाही. बन्सीला कार्ड टाकलं.


शनिवार, २६ नोव्हेंबर

आज सात वाजून दहा मिनिटांनी अंधार. पुन्हा कंदील लावला.

मला फसवलं का? बॅटरी जुनी दिली का? की एकनाथच बरोबर होता, की म्हातारपणी मला प्रदर्शनात पाहिलेल्या चकचकीत वस्तूची भूल पडली? सात हजार दोनशे. किती झबली, किती परकर. बन्सीचं उत्तर नाही. माझ्या हातात आहे तेवढं करते: आजपासून कव्हर दहालाच घालते, म्हणजे काच जास्त तापणार नाही.


सोमवार, २८ नोव्हेंबर

लिहिताना अजून हसू येतंय. आणि लाजही.

भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस लागले, समुद्राला जोर नाही, होड्या वर ओढलेल्या. म्हणून काशीबाई आज सफाळ्याच्या बाजाराला गेली नाही. एरवी ती सकाळी जाते ती उन्हं कलल्यावर परतते. बाराला मीठ मागायला आली नि अंगणातच थांबली.

"बाय, ह्ये फडकं कशाला?"

फडकं! "कव्हर आहे ते. ऊन लागू नये म्हणून."

"कोनाला ऊन लागू नये?"

"काचेला."

तिने वाटी खाली ठेवली. "तूच बोललीस ना, ह्यो ऊन खातो?"

"हो."

"मंग जेवाच्या टायमाला त्येचं तोंड बांदून ठेवतंस, नि वर इचारतंस उपाशी का? अगो, जवल्यावर चादर घालून मी जवला सुकवला असता, तर बाजारात बायांनी मला जोड्यानं मारली असती!"

मी आधी रागावले. मग समजलं. शिवणाचं पहिलं बक्षीस मिळवलेली मी बाई, सूर्यावर चालणाऱ्या वस्तूला सूर्यफुलांखाली झाकून बसले होते! काशीबाई हसून हसून तुळशीच्या कट्ट्यावर बसली आणि मीही तिच्या शेजारी.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "आनि ह्यो माड?" म्हणाली. दोन वाजता माडाच्या झावळीची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर आली, तीनला अर्ध्यावर. "दिवाली झाली का सूर्य दक्षिनेला उतरतो, सावल्या लांब व्हतात. आमी आमचं खलं दरसाल सरकवतो. बोटाएवडी सावली पडली तरी तेवडा जवला काला पडतो." मला हाताला धरून ती मासळी सुकवायच्या खळ्यावर घेऊन गेली. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघी सावलीच्या कडांवर शिंपले ठेवत फिरलो. तिच्या खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सकाळी आठपासून पाचपर्यंत कशाचीच सावली येत नाही. हे तिला तीस वर्षं माहीत आहे.


रविवार, ४ डिसेंबर

पॅनल काशीबाईच्या खळ्यात गेलं!

बन्सी आला, कव्हरची हकिकत ऐकली आणि फार शहाण्यासारखा हसला नाही. जाड वायर तीनशे चाळीसची लागली. हिशेबात आणखी सहा महिने वाढले. जागेचं भाडं विचारलं तर काशीबाई भडकली. "तुला जिमिनीवरून उचलली तवा मी भाडं घेतलं व्हतं?" पण त्या कोपऱ्यात तिचा दोन टोपल्या जवळा सुकतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी बन्सीला सांगितलं, स्वयंपाकघरातली ट्यूब काढ आणि हिच्या ओटीवर लाव.

"मना नको. मासली काय इजेवर धरायची?"

"आय, गप ऱ्हा," आतून तिची लेक जमना म्हणाली. झालं, विषय संपला.

आता माझा सूर्य बोंबलांच्या नि जवळ्याच्या मध्ये उभा असतो. रोज सकाळी ओल्या फडक्याने त्याच्यावरचे खवले पुसते. वास येतो. येऊ दे.


रविवार, ११ डिसेंबर

सलग सात संध्याकाळी! हिरवा दिवा पाचपर्यंत टिकतो. दोन्ही ट्यूब साडेनऊपर्यंत पांढऱ्याशुभ्र. काशीबाईची ओटी माझ्या खिडकीतून दिसते. ती जाळं विणते, जमना मासळी निवडते, आणि दोघींची भांडणंसुद्धा आता दिसतात, नुसती ऐकू येत नाहीत.

बातमी: जमनाचा साखरपुडा ठरला. मुलगा केळव्याचा, स्वतःची होडी आहे. तारीख पंचवीस डिसेंबर! त्याच संध्याकाळी एकनाथ येणार. त्याला एकदम दोन घरं उजळलेली दिसतील. काशीबाई सफाळ्याहून दोन पेट्रोमॅक्स भाड्याने सांगणार होती. मी म्हटलं, "ऐंशी रुपये कशाला घालतेस? आपली ट्यूब आहे ना." तिने केळव्याला निरोपही पाठवलाय, आमच्या ओटीवर ट्यूब हाय म्हणून. जमनाची चोळी मी शिवते आहे, मोतिया रंगाची, बाह्यांवर बारीक वेल.


गुरुवार, २२ डिसेंबर

दोन दिवस आभाळ भरलंय. डिसेंबरात! पाऊस नाही, नुसतं राखाडी झाकण. काशीबाईने जवळा गोळा करून घरात घेतला. मी शिवण दिवसाच आटपते आणि माझी ट्यूब लावत नाही.


शनिवार, २४ डिसेंबर

चौथा दिवस. दिवा लाल. काशीबाईचा भाऊ सफाळ्याला जाऊन आला. लग्नसराई, एकही पेट्रोमॅक्स शिल्लक नाही. माझ्या ऐंशी रुपयांच्या शहाणपणाने ही वेळ आणली. काशीबाई कंदिलाच्या काचा पुसत बसली, ते जास्त लागलं.

लहानपणी आजच्या दिवशी कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मुली बांबूच्या कामट्यांचा नाताळचा तारा करत असू. आत मेणबत्ती. वारा सुटला की सिस्टर दोन्ही हातांचा आडोसा करून उभ्या राहत.


सोमवार, २६ डिसेंबर

कालचं सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी तासभर विरळ ऊन पडलं. मी पॅनलपाशीच उभी होते. पाचला बन्सीने शिकवल्याप्रमाणे हिशेब केला: दोन्ही ट्यूब लावल्या तर अर्धा-पाऊण तास, एकच लावली तर दीड. साडेसहाला केळव्याची माणसं आली. त्यांची म्हातारी ओटीवर पाय ठेवताच वर बघत म्हणाली, "कुठं हाय ती ट्यूब?"

मी घरी येऊन माझं बटण बंदच ठेवलं, कंदील लावून खिडकीत ठेवला आणि परत जाऊन त्यांची ट्यूब लावली. खरं सांगते, ठरवायला फार वेळ लागला नाही. त्याचं रडू घरी येताना वाटेत आलं, ते तिथेच पुसलं.

मोतिया चोळीत जमना अशी दिसत होती की केळव्याची म्हातारी तिच्याकडे आणि ट्यूबकडे आळीपाळीने बघत राहिली. सातच्या सुमाराला एकनाथ आणि नलू आली. आधी आमच्या घरी गेली असणार, कारण एकनाथच्या हातात माझा कंदील होता. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "एकनाथ, मी हरले रे."

तो वर बघत होता. "ही ट्यूब कुणाची?"

"माझी. म्हणजे आज हिची."

"तुझी का बंद आहे?"

"दोन्ही पुरल्या नसत्या."

कंदील खाली ठेवून त्याने पेढा घेतला. आठ वाजून पाच मिनिटांनी ट्यूब गेली. तोवर अंगठी घालून, ओटी भरून सगळं झालं होतं.

आज सकाळी उठून पाहते तो एकनाथ खळ्यात. वायर पावलांनी मोजत होता. मग काशीबाईशी बराच वेळ बोलत उभा होता, म्हणजे तीच बोलत होती, हातवारे करून. मी जवळ गेले तशी दोघं गप्प झाली. काशीबाईला सर्दी झालेली दिसते, पदराने नाक पुसत होती.

चहा घेताना तो म्हणाला, "आई, चूक बॅटरीची आहे. ढगाळ दिवसांना एक पुरत नाही. दोन लागतात."

"हो का?"

"पण दोन घेतल्या तर दर चार वर्षांनी दोन्ही बदलायच्या. तुझी बचत उरली वर्षाला एकशे ऐंशी. आणि खर्च झाला नऊ हजार, वायर सोडून. पैसे निघायला पन्नास वर्षं लागतील. पन्नास वर्षं, आई!"

आता हरलेल्या माणसाला इतका हिशेब कशाला सांगावा? मी म्हटलं, "कळलं रे बाबा. मी येते बोईसरला. गुरुवारी साडेपाचच्या बसने."

"गुरुवारपर्यंत बघू," तो म्हणाला. त्याची ड्यूटी असेल. नलू पायाशी वाकताना हळूच म्हणाली, "सामान भरायची घाई करू नका हां, आई." समजूतदार पोर आहे.


गुरुवार, २९ डिसेंबर

घाईत लिहिते आहे.

दुपारी ट्रंक भरली. मशीन नंतर न्यायचं असं ठरवलं. घराला कुलूप लावताना किल्ली दोनदा हातातून पडली. काशीबाईने ट्रंक डोक्यावर घेतली आणि बसथांब्यापर्यंत पुढे पुढे चालत राहिली. रडेल म्हणून मी घाबरत होते, तर ही बया कसलीशी कोळीगीताची चाल गुणगुणत होती. मला राग आला. "इतकी आनंदात आहेस?" विचारलं.

"चाल गो. लांबून बस दिसते."

साडेपाचची एस.टी. आली. इथून पुढे रस्ता नाही, ती इथेच वळते आणि परत सफाळ्याला जाते. सगळ्यात शेवटी पाठमोरा एक माणूस उतरला, कशाचं तरी ओझं दोन्ही हातांनी पायऱ्यांवरून उतरवत. बन्सी! गोणपाटात गुंडाळलेली बॅटरी.

"मावशी, एक बाजू धरा. आडवी नाय करायची."

"अरे, पण मी निघाले आहे. तुला कुणी सांगितलं नाही का? ही परत घेऊन जा."

"परत कशी नेऊ? तुमच्या एकनाथसाहेबांनी रोख भरलेत. सोमवारी थेट दुकानात आले, बोलले चांगल्यातली द्या, खळ्यातल्या जोडणीला. आनि आमच्याच फोनवरून मुंबईला लावला. 'जागा विकायची नाय,' एवढंच बोलले. तीन मिनिटांचे पैसे भरले नि अर्ध्या मिनिटात ठेवला."

काशीबाईकडे पाहिलं तर ती ट्रंक डोक्यावर घेऊन घराच्या दिशेने वळलेलीसुद्धा होती.

कंडक्टर नागोराव दारात लोंबकळत होता. "शिवणबाई, चढताय का? घंटी मारू का?"

मी बोलायच्या आत काशीबाई मागे न बघता ओरडली, "मार रे बाबा घंटी! बाय नाय येत!"

बस गेली. मी आणि बन्सी गोणपाटाचं एकेक टोक धरून बनातून चालत आलो. आठ ठिकाणी थांबलो. घरी आल्यावर बन्सीच्या लक्षात आलं की ती शेवटची बस होती आणि त्यालाही आता इथेच राहायचं आहे. काशीबाईने त्याच्यासाठी मांदेली पाठवली आहेत, भात चुलीवर आहे.

आज जास्त लिहीत नाही. बन्सी दोन्ही बॅटऱ्या जोडतो आहे आणि टॉर्च धरायला मला हाका मारतो आहे.